बाबांची गिटार कोणत्या सालची

इंदोरा, नागपूर
५ जुलै १९८१

ती. सिंधूताईस,
विश्वनाथचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी आज लिहायला बसतोय, तेव्हा तू भिलाईत बसून माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोड. दुकानात लग्नसराईत जळलेले अँप्लिफायर छतापर्यंत रचून ठेवलेत आणि प्रत्येक लाउडस्पीकरवाल्याला आपलंच आधी हवंय. माय बरी आहे. गुडघा दुखतो, पण तसं कबूल करत नाही. शोभा रोज तेल घेऊन सासूच्या मागे लागते आणि माय रोज तिला पिटाळते.

आता खरी बातमी. आपल्या वस्तीचं सभागृह दसऱ्यापर्यंत पुरं होणार. यंदा धर्मांतराला पंचवीस वर्षं होतात, म्हणून दारापाशी एक दगड बसवायचं ठरलंय. दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, गावोगावची माणसं येऊन उतरली होती तेव्हा, वस्तीत जी गायन पार्टी गायली, तिच्यातल्यांची नावं त्यावर कोरायची. बाबांचं नाव त्यात आहेच. रुपरावच्या वडिलांचं, रामाजींचं, आहे. ढोलकीवाले दादाजी आहेत. आणि दगडाशेजारी काचेच्या कपाटात बाबांची विजेची गिटार आणि तिचा अँप्लिफायर ठेवायचा. समितीचा सेक्रेटरी रुपरावच आहे, आणि तुला तो भाषणाला बोलावणार आहे. त्याचं निमंत्रण वेगळं येईल.

पण एक खुसपट निघालंय. पाचपावलीच्या पार्टीतले लोक म्हणतात की छप्पन साली नागपूरच्या कुठल्याही वस्तीत असलं मशीन नव्हतं, बळीराम गजभिये नंतर पार्टीत आला. हे आपल्या बाबांबद्दल! रुपराव बिचारा सज्जन आहे. मला म्हणाला की आपल्याला तर आठवतंच, पण दगडावर कोरलेलं पुन्हा खोडता येत नाही, तेव्हा तू धंद्यातला माणूस आहेस, मशीन कोणत्या सालचं ते एकदा बघून सांग. मी हो म्हणालो. म्हणजे बाबांचं नाव आता माझ्या स्क्रू ड्रायव्हरवर आलंय. भाऊजींना जयभीम, मुलांना पापे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ,
विश्वनाथ


सेक्टर ६, भिलाई
१४ जुलै १९८१

चि. विश्वनाथ यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. आधी आनंद झाला आणि मग तुझी भीती वाटली. लहानपणी तू मायचं गजराचं घड्याळ उघडलंस, त्यानंतर ते पुन्हा कधी वाजलं नाही. बाबांची गिटार उघडायची काही गरज नाही. पाचपावलीवाल्यांना काय माहीत? मी तिथे होते. तू पाच वर्षांचा शेंबडा होतास, तुला काही आठवणार नाही. मी नऊ वर्षांची होते.

मला सगळं डोळ्यांसमोर आहे. मोकळ्या जागेत लाकडी पलंग जोडून केलेलं स्टेज, चहूकडे पांढरे कपडे घातलेली माणसं, बाया, धुळीत बसलेली. मी बाबांच्या खांद्यावर होते, म्हणून मला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होतं. स्टेजवर मशीनचा तो लाल दिवा लागलेला आणि गिटारचा आवाज, रडल्यासारखा लांबत जाणारा. माझ्या आयुष्यात मी एवढी माणसं एवढी शांत बसलेली पुन्हा पाहिली नाहीत. माय कुठे होती ते आठवत नाही. तुला घेऊन घरी असेल.

भाषण मी लिहायला घेतलंय. सुरुवात त्याच लाल दिव्यापासून आहे. शाळेत बाईंनी एकदा विचारलं की तुझे वडील काय करतात, तर बाकीच्या मुली म्हणाल्या रेल्वेत खलाशी, इंजिनात कोळसा घालतात. मी म्हणाले की ते गिटार वाजवतात. ते खोटं ठरलेलं मला चालणार नाही विशू, हे आताच सांगून ठेवते.

मायला तेल लावून घ्यायला सांग, माझ्या नावाने सांग. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. धाकटी आजकाल मला शिकवते.

आठवण धरून असावे, आणि हात आखडते ठेवावेत.
तुझी ताई,
सिंधू


इंदोरा, नागपूर
२६ जुलै १९८१

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

हात आखडते ठेवले नाहीत. रविवारी दुकान बंद ठेवून दोन्ही वस्तू टेबलावर घेतल्या. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवायची ती गिटार, आणि तिच्याबरोबरचा अँप्लिफायर. चामड्याच्या सुटकेसएवढाच आहे तो, आणि लहानपणी मला कपाटाएवढा वाटायचा. तुला ठाऊक आहेच की बाबा ज्यांच्या इंजिनावर होते त्या विल्यम ड्रायव्हरचा भाऊ जहाजावर होता. त्याने अमेरिकेतून जोडी आणून दिली, आणि विल्यम कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा ती बाबांच्या हवाली केली. कधी निघाले, ते मात्र आज सांगणारं कुणी नाही.

जुन्या मशीनचं साल ओळखायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. जे भाग बदलतात, त्यांना काही विचारायचं नाही. आपली वीज त्या अमेरिकन मशीनला झेपत नाही, म्हणून मध्ये जो ट्रान्सफॉर्मर लावलाय, त्यावर सीताबर्डीच्या कारागिराने ब्रशने ‘६२’ लिहिलंय. ते वाचून मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग स्वतःलाच हसलो. तो जळल्यावर आतली तार पुन्हा गुंडाळून आणलेला, त्याचं काय घेऊन बसायचं. काचेचे वाल्व तर घरातल्या दिव्यांसारखे जातात आणि नवे येतात. एक वाल्व मीच लावलेला निघाला. स्पीकरचा कागद फाटला तेव्हा बाबांनी जुन्या धोतराची चिंधी लावून चिकटवलाय, ती चिंधी अजून आहे. मला ती बघून जरा वेळ काम सुचलं नाही.

जो भाग कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हलवलेला नाही, तोच खरं बोलतो. तो आहे व्हॉल्यूमचा कंट्रोल. त्याचं सोल्डरिंग मूळचं आहे, वर कारखान्याचा लाखेसारखा थेंब तसाच आहे. बटण काढून आत दिवा धरला तर पत्र्यावर बारीक आकडे ठोकलेले दिसतात. पहिले तीन कारखान्याचे, मग सालाचा, मग आठवड्याचे. आठवडा आहे जूनमधला. आणि साल ७. नुसतं सात. हे लोक त्या काळी सालाचा शेवटचाच आकडा घालत. गिटारच्या कंट्रोलखालीही तोच सात.

म्हणजे सत्तेचाळीस, नाहीतर सत्तावन्न. सत्तेचाळीस असेल तर पाचपावलीवाल्यांची तोंडं बंद. सत्तावन्न असेल तर दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ही गिटार जगात जन्मलीच नव्हती. माझ्याकडे वाल्वचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं, ते कुणाला तरी दिलंय. शोधतो. मायला मी हे काही सांगितलेलं नाही. टेबलाशी येऊन बघून मात्र गेली.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझा,
विश्वनाथ


भिलाई
४ ऑगस्ट १९८१

चि. विश्वनाथ यास,
जयभीम.

पुस्तक शोधायचं काही कारण नाही. ते सत्तेचाळीसच आहे. रुपरावला तसं सांग आणि दोन्ही वस्तू पुसून बंद कर. मी ऐकलेला आवाज खरा की पत्र्यावरचा एक आकडा खरा, हे तू मला सांगू नकोस. बाबा गेले तेव्हा वस्तीने त्यांना खांद्यावर नेलं ते कोळसा घालणारा म्हणून नव्हे. दुसरं काही त्यांनी मागे ठेवलेलं नाही.

कमी लिहिते, कारण जास्त लिहिलं तर भांडण होईल. मायला माझा नमस्कार सांग.

तुझी,
सिंधू


इंदोरा, नागपूर
१८ ऑगस्ट १९८१

ती. ताईस,
विश्वनाथचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र निवांत वाच, आणि भाऊजी घरी असतील तेव्हा वाच.

पुस्तक सापडलं. अँप्लिफायरमध्ये आवाज मोठा करणारा जो वाल्व आहे, त्या जातीचा वाल्व सत्तेचाळीस साली निघालाच नव्हता. वाल्व बदलता येतो, पण तो ज्यात बसतो ती खोबणी मूळची आहे, तिच्यात दुसरा बसतच नाही. तेव्हा सात म्हणजे सत्तावन्न. मी चार वेळा तपासलं. मलाही ते चुकलेलं हवं होतं ताई, तुझ्याइतकंच.

मग तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं, आणि मला एक गोष्ट खटकली. तू म्हणतेस की तू बाबांच्या खांद्यावर होतीस. मग बाबा स्टेजवर कसे? एका वेळी तुला खांद्यावर घेऊन मांडीवरची गिटार वाजवायची, तर त्यांना सर्कशीत नोकरी मिळाली असती. हे मी चेष्टेत म्हणालो आणि म्हणता म्हणताच उलगडा झाला. लाल दिवा आणि गिटार तुला आठवते ती नंतरच्या कुठल्या तरी दसऱ्याची. खांदा आणि पांढरे कपडे त्या संध्याकाळचे. दोन्ही खरं आहे, पण एका दिवसाचं नाही. सगळ्या वस्तीचं तसंच झालंय. सगळ्यांच्या आठवणीत ती गिटार घुसून बसलीय.

मग त्या संध्याकाळी गायलं कोण? मी मायकडे गेलो. ती सुपात डाळ निवडत होती. मी तिला सालाचं सांगितलं, जरा भीतभीतच, कारण मला वाटलं तिला लागेल. तिने सूपसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हणाली, “मशीन कवाची ते मले माहीत नाही राहीन काय? तू पहिलीत गेला त्या साली आली. ते आली अन् माहं गाणं बंद झालं.”

ताई, त्या संध्याकाळी माय गायली होती. माय, कांताबाई आणि रुखमाबाई, तिघी, आणि ढोलकीवर दादाजी. माइक नाही, मशीन नाही. पलंगांच्या स्टेजवर उभं राहून गायल्या. रामाजी गॅसबत्ती धरून उभे होते. बाबा पुढे उभे होते, मी त्यांच्या कडेवर आणि तू खांद्यावर, माय तुला दिसावी म्हणून.

मी विचारलं की मग गाणं बंद का झालं. तिने फार शांतपणे सांगितलं. गिटार आली, बाबांना तिचं वेड लागलं. मांडीवरच्या गिटारच्या तारा एका पट्टीत लावल्या की लावल्या, गाणाऱ्याने तिच्याशी जुळवून घ्यायचं. बाबांनी ती पुरुषांच्या पट्टीत लावली, कारण रामाजी गाणार होते. बायांना तेवढ्या खाली गाता येईना. माय म्हणाली होती की एखाद्या दिवशी आमच्या आवाजात लावून द्या. बाबा म्हणाले, दसरा होऊ दे. पुढे पार्टी ट्रकने मौद्याला, रामटेकला कार्यक्रमाला जाऊ लागली आणि बाया घरी राहिल्या. एवढंच झालं, कोणी कोणाला नको म्हणालं नाही.

मी म्हणालो, अगं पण तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. “तुमी सारे त्या मशीनलेच विचारून राहिले. मले कोणी विचारलं?”

 मी तिला डाळ निवडायला मदत केली, तीसुद्धा नीट केली नाही म्हणून तिने पुन्हा निवडली. रुपरावला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर बाबांचं नाव जातं, आणि त्याच्या वडिलांचंही जातं. तू मोठी आहेस, काय करू ते कळव.

प्रेम आहे तसंच ठेव.
तुझा,
विश्वनाथ


भिलाई
२९ ऑगस्ट १९८१

चि. विशू यास,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझे भाऊजी घरी नसताना वाचलं. नंतर त्यांना दाखवलं. ते मला म्हणाले की तू गाणं म्हणताना मी कधी ऐकलं नाही, तुझ्या आईचंही नाही. मी म्हणाले, मीही नाही. हे म्हटलं आणि मला रडू कोसळलं. मी मायच्या पोटची पोर, नऊ वर्षांची होते, सगळ्यांच्या डोक्यांवरून तिला बघत होते, आणि मला गिटार आठवते.

बाबांचा मला राग आलाय. फार राग आलाय, आणि ते नाहीत, म्हणून तो कुठे ठेवावा तेच कळत नाही. तारा थोड्या चढवायला किती वेळ लागतो? तू सांग, तू धंद्यातला आहेस. ते वाईट नव्हते, हे मला कोणी सांगायला नको. वाईट असते तर सोपं होतं. त्यांनी मला सायकलवर बसवून शाळेत सोडलं, मॅट्रिकला दिवा माझ्याजवळ ठेवून स्वतः अंधारात जेवले. आणि मायला दसरा होऊ दे म्हणाले. आणि मी, बाई होऊन शाळेत शिकवते, मुलींना गाणी बसवून देते, मला कधी सुचलं नाही की माय काही गुणगुणतसुद्धा नाही ते का.

भाषण फाडून टाकलं. रुपरावला खरं ते सांग. बाबांचं नाव गेलं तर जाऊ दे, असं मी आज लिहिते आहे आणि हे वाक्य दोनदा खोडून लिहिलंय, हेही लिहून ठेवते. मात्र एक कर. दगडावर नाव हवं का, हे आधी मायला विचार. आपण पुन्हा तिला न विचारता ठरवू नये. मी मुलांना घेऊन दसऱ्याच्या आधी येते. मायला सांग, मी तिच्याजवळ झोपणार आहे.

तुझ्यावर रागावले होते ते मनात धरू नकोस.
तुझी,
ताई


इंदोरा, नागपूर
२५ सप्टेंबर १९८१

ती. सिंधूताईस,
विश्वनाथचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं, रागाचा भाग गाळून. तिला कळलंच. म्हणाली, मधलं काय खाल्लंस ते वाच. वाचलं. ऐकून तिने शोभाला चहा ठेवायला सांगितला, आणि तुझ्या अंथरुणासाठी गोधडी उन्हात घालायला लावली.

रुपरावला सांगायला मी त्याच्या घरी गेलो. कंट्रोल काढून खिशात नेला होता, पण तो दाखवायची वेळ आली नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाला की माझे वडील गॅसबत्ती धरून उभे होते, हे मी त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकलंय, पण गॅसबत्ती धरणाऱ्याचं नाव कोण कोरतो, म्हणून नंतर कोणी ते सांगेना, स्वतः तेसुद्धा सांगेनात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहराबाहेर वाडीला गेलो. कांताबाई तिथे मुलाकडे राहते, तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे. तिने आम्हाला आधी चांगलं झापलं की पंचवीस वर्षांनी वाट सापडली का. मग माझ्या मायचं नाव काढल्यावर पदर डोळ्यांना लावला आणि तिथेच खोलीत बसून पहिली ओळ म्हणून दाखवली. बाहेर ट्रक धडधडत होते. आवाज चिरकला, पण पट्टी बायांची होती, हे माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं. रुखमाबाई राहिली नाही, तिच्या मुलीला निरोप पाठवलाय.

आता दगडाचं. मायला विचारलं. मला वाटलं ती नको म्हणेल, मोठेपणाने. ती म्हणाली, हो, पाहिजे. तीन बाया आणि दादाजी, अशी चार नावं ठरली. गिटारचं कपाट रद्द. ती आपल्याकडेच राहील, आणि बाबा ज्या साली ती वाजवायला लागले ते साल मी आतून लिहून ठेवलंय, पुढे कोणी उघडली तर त्याचा घोटाळा नको.

परवा कारागीर दगडावर खडूने अक्षरं आखत होता. आम्ही मायला रिक्षाने नेलं होतं. मायचं नाव ओळीत मावेना. रुपराव तिला म्हणाला की मधलं नाव काढू या, भीमाबाई गजभिये एवढंच ठेवू, तसंही गायल्या तुम्ही, ते नव्हे. ताई, मला ते पटलं. तुझा राग माझ्याही मनात थोडा उतरला होता. मी म्हणालो, काढा.

माय दगडाजवळ गेली. तिला वाचता येत नाही, पण मधलं नाव कुठे येतं ते तिने बरोबर बोट ठेवून दाखवलं. म्हणाली, “त्याचं नाव मधात राहू दे. त्या दिवशी त्यानं लेकरं धरली नसती, तं मी गायली असती काय?”

कारागिराने खडू पुसून पुन्हा आखलं. काल कोरून झालं. तिची ओळ बाकीच्यांपेक्षा बारीक आली आहे, पण वाचता येते. भीमाबाई बळीराम गजभिये. लवकर ये.

माया आहेच, ती तिथेही असू दे.
तुझा भाऊ,
विश्वनाथ